बाभळीचं आडनाव

1. परीक्षेत काय लिहू?

वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा वही घेऊन आला. वहीत बाभळीपुढे तीन नावं लिहिलेली होती. अकेशिया अरेबिका, अकेशिया निलोटिका, वॅचेलिया निलोटिका. पहिलं आयुर्वेदाच्या एका जुन्या पुस्तकातलं, दुसरं क्लासच्या नोट्समधलं, तिसरं मोबाइलवर सापडलेलं. "सर, झाड एकच आहे ना? मग परीक्षेत काय लिहू?"

झाडांची माहिती सांगत फिरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो, आणि त्याच्या पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, आणखी एक येतो: शास्त्रज्ञांना दुसरे उद्योग नाहीत का? गावोगाव नावं बदलतात म्हणूनच तर ही लॅटिन नावं काढली होती. एका गावची वेडी बाभूळ दुसऱ्या गावी भलतंच झाड असतं, ते आपण चालवून घेतो. पण ज्या नावाने जगभर एकच झाड ओळखलं जावं, तेच दर पिढीला बदलायला लागलं तर त्याचा उपयोग काय?

तक्रार रास्त आहे. मुलाच्या वहीतली तिन्ही नावं मात्र आपापल्या काळात बरोबर होती. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात बाभूळ अकेशिया अरेबिका म्हणूनच आहे. त्याच्याही मागे गेलं तर 1753 साली, लॅटिन नावांची ही पद्धत जिथून मोजतात त्या ग्रंथात, लिनियसने तिला मिमोसा निलोटिका म्हटलं होतं. मिमोसा म्हणजे आपल्या लाजाळूची प्रजाती. बाभळीने आजवर तीन आडनावं लावली आहेत. तिसरं कसं आलं आणि दुसरं कोणाकडे गेलं, ते या प्रकरणात पाहू.

2. आधी आडनाव, मग नाव

शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी असतं: जाधव सुनीता, जाधव सुरेश. झाडांच्या शास्त्रीय नावातही तसंच. पहिला शब्द आडनावाचा, दुसरा त्या झाडाचा स्वतःचा. अकेशिया निलोटिका म्हणजे अकेशिया घराण्यातली 'निलोटिका', नाईलकाठची. ही बाभूळ युरोपच्या विद्वानांना इजिप्तमार्गे कळली, म्हणून नाईल. अकेशिया हा शब्दही तिथल्याच काटेरी झाडासाठी ग्रीकांनी वापरलेला. त्याचं मूळ टोक, अणकुची या अर्थाच्या शब्दात सांगतात.

या आडनावाला मराठी विज्ञानात 'प्रजाती' म्हणतात आणि दुसऱ्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या नेमक्या प्रकाराला 'जाती'. वर्तमानपत्रं सर्रास उलट लिहितात. 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' अशी बातमी असते तेव्हा सापडलेली असते जाती. या प्रकरणापुरतं तरी आडनाव म्हणजे प्रजाती आणि नाव म्हणजे जाती एवढं पक्कं धरू.

झाडाची प्रजाती बदलते तेव्हा आडनाव बदलतं, स्वतःचं नाव शक्यतो तेच राहतं. मिमोसा निलोटिका, अकेशिया निलोटिका, वॅचेलिया निलोटिका. निलोटिका कुठे हलली नाही. शिवाय पहिलं नामकरण ज्याने केलं त्याचं संक्षिप्त नाव कंसात ठेवून पुढे आडनाव बदलणाऱ्याचं नाव जोडतात. लग्नपत्रिकेतल्या 'पूर्वाश्रमीची'सारखंच. बाभळीच्या आजच्या नावापुढे कंसात लिनियस आहे आणि कंसाबाहेर हर्टर आणि मॅबर्ली. त्यांनी तिला 2008 साली वॅचेलियात नेलं.

थोडी डागडुजी लागते ती व्याकरणाची. आपण पांढरा खैर म्हणतो, पण पांढरी शेवंती आणि पांढरं कमळ. लॅटिनमध्येही विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे वळतं. दसऱ्याचा आपटा काही पुस्तकांत बाउहिनिया रेसिमोसा आहे, काहींत पिलिओस्टिग्मा रेसिमोसम. आडनाव स्त्रीलिंगी होतं तेव्हा 'रेसिमोसा', नपुंसकलिंगी झालं तेव्हा 'रेसिमोसम'. छपाईची चूक समजून कोणी ते दुरुस्त करू नये.

3. सगळे पाटील एका घरचे नसतात

आडनाव का बदलतात, हे समजायला आधी आपलीच आडनावं पाहू. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही कामावरून, हुद्द्यावरून पडलेली आडनावं. कोल्हापूरचा पाटील आणि जळगावचा पाटील एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. दोघांच्या पूर्वजांकडे गावची पाटिलकी होती, एवढंच साम्य. कुळ शोधायला निघालेला माणूस नुसत्या आडनावावर विसंबला तर फसतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अनेक प्रजाती अशाच 'पाटील' होत्या. काम पाहून नव्हे, रूप पाहून आडनाव दिलेलं. बारीक पिसासारखी पानं, केसरांचे गोंडे झालेली फुलं आणि शेंगा दिसल्या की झाड अकेशियात जाई. या खात्यात आफ्रिका, आशिया, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया मिळून साडेतेराशेच्या आसपास जाती जमल्या. आपली बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई, आफ्रिकेच्या गवताळ रानातली छत्रीसारखी झाडं, डिंकासाठी प्रसिद्ध असलेलं सुदान-सेनेगलकडचं झाड, आणि ऑस्ट्रेलियातल्या साडेनऊशेच्या आसपास जाती, सगळे एकाच आडनावाचे.

आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ आडनावाला एकच अट घालतात: एका पूर्वजाचे सगळे वंशज आत, आणि बाहेरचा कोणी नाही. अट दोन प्रकारांनी मोडते. एक, दुसऱ्या घरची माणसं तेच आडनाव लावून घरात बसलेली असतात. दोन, घरचीच एखादी शाखा शहरात जाऊन वेगळं आडनाव लावते आणि वंशावळीत तिची जागा कोरी राहते. अकेशियाचं दुखणं पहिल्या प्रकारचं. दुसऱ्या प्रकारचं उदाहरण पुढे येईल.

4. पोथीतल्या चुका

कोण कोणाच्या घरचं, हे कळतं कसं? झाडांकडे भाटांच्या वह्या नसतात.

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोर हाताने उतरवलेल्या पोथ्या होत्या. लेखनिक पोथी उतरवतो तेव्हा एखादं अक्षर चुकतं. पुढचा त्या चुकीसकट उतरवतो आणि स्वतःची एक भर घालतो. त्यामुळे चार पोथ्या समोर ठेवल्या तर चुकांवरून त्यांचं नातं लावता येतं. दोन पोथ्यांत नेमकी तीच, तिसरीकडे कुठेच नसलेली चूक सापडली, तर त्या दोन्ही एकाच प्रतीवरून उतरवलेल्या असणार. समान शुद्ध अक्षरांचा यात काही उपयोग नाही, कारण ती सगळ्यांकडे आहेत. नातं सांगते ती समान चूक.

प्रत्येक झाडाच्या पेशीत अशी एक पोथी असते. तिला डीएनए म्हणतात, आणि तिची अक्षरं फक्त चार. पिढ्यान्‌पिढ्या ती उतरवली जाते आणि अधूनमधून अक्षर बदलतं. समजा आपण चार झाडांच्या पोथीतलं एकच पान काढलं. (आकडे समजण्यापुरते, खऱ्या पानातले नव्हेत.) बाभळीच्या पानावर 3 आणि 7 या जागी अक्षर बदललेलं दिसलं. हिवराच्या पानावरही 3 आणि 7. ऑस्ट्रेलियातल्या एका अकेशियाच्या पानावर 3 आणि 7 शाबूत, पण 12 आणि 15 बदललेले. आता शिरीषाचं पान पाहिलं, ज्याला आज कोणी अकेशिया म्हणत नाही, तर तिथेही 12 बदललेलं. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा अकेशिया बाभळीपेक्षा शिरीषाच्या जवळचा ठरला. खऱ्या अभ्यासात एका पानाऐवजी हजारो अक्षरं आणि शेकडो झाडं असतात आणि हिशेब संगणक करतो, पण तर्क हाच.

2000 च्या सुमारास असे अभ्यास एकामागून एक येऊ लागले आणि निष्कर्ष जवळपास हाच निघाला. बाभळीचं घर वेगळं, खैराचं वेगळं, ऑस्ट्रेलियाचं तिसरंच, शिरीषाच्या भाऊबंदांत जाऊन बसणारं. अमेरिकेतली दोन छोटी घरंही स्वतंत्र निघाली. ऑस्ट्रेलियातले लेस पेडली यांनी 1986 मध्येच, डीएनए हाताशी नसताना, अकेशियाचे तीन भाग करा असं सुचवलं होतं. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही.

5. काटा बघा, मग फूल

पेडलींना डीएनएशिवाय हे कसं दिसलं? दिसायला बरंच काही होतं, आणि ते तुम्हालाही दिसेल. त्यासाठी बांधावर जावं लागेल.

बाभळीची फांदी हातात घ्या. काटे जोडीजोडीने, सरळ, पांढरट, पानाच्या बुडाशी दोन बाजूंना दोन. जास्वंदीच्या कोवळ्या डहाळीवर पानाच्या देठाशी दोन चिमुकल्या हिरव्या काड्या दिसतात, त्यांना उपपर्ण म्हणतात. बाभळीचे काटे म्हणजे हीच उपपर्णं, कडक झालेली. आता खैराकडे चला. त्याचेही काटे बहुतेक जोडीनेच, पण आखूड, तपकिरी आणि मांजराच्या नखासारखे वाकलेले. ते सालीतून उगवतात, गुलाबाच्या काट्यासारखे. दोन्हींना आपण काटाच म्हणतो, पण एकाचा काटा म्हणजे बदललेला पानाचा भाग, दुसऱ्याचा म्हणजे सालीची वाढ. वाघळाचा पंख आणि पाखराचा पंख जितके एक, तितकेच हे एक.

मग फुलं. बाभळीची फुलं पिवळे गोल गोंडे, खैराची फिक्या रंगाची लांबट तुरेदार कणसं. इथे सोपा नियम करायचा मोह होतो: गोंडा तो वॅचेलिया, कणीस तो सेनेगालिया. शिकेकाई हा नियम लगेच मोडते. तिची फुलं गोंडेदारच, पण ती काटे रोवत झाडावर चढणारी वेल, काटे वाकडे आणि खोडभर विखुरलेले. ती खैराच्याच घरची, सेनेगालिया. हिवराचे गोंडे फिकट, फांद्यांच्या टोकाला झुपक्याने, साल उजळ, काटे सरळ जोडीचे, म्हणून बाभळीच्या घरचा. एका खुणेवर घर ठरत नाही, दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळाव्या लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक अकेशियांची गंमत वेगळीच. त्यांना काटे सहसा नसतात, आणि जे पान दिसतं ते पान नसतं. देठच चपटा होऊन पानासारखा झालेला असतो. रोपवाटिकेत ऑस्ट्रेलियन बाभळीचं बी रुजलं की पहिली एक-दोन पानं बाभळीसारखी पिसांची येतात. मग देठ रुंदावत जातो, पिसं गळतात आणि लांबट, कोयत्यासारखं वळलेलं 'पान' उरतं. एखादी रोपवाटिका जवळ असेल तर ही रोपं अवश्य पाहा, कारण पुस्तकातल्या चित्रापेक्षा ती जास्त सांगतात.

6. देव कोणाकडे राहिला?

इथपर्यंतचा भाग विज्ञानाचा होता. घराची वाटणी कुठे करायची हे डीएनए आणि काट्यांनी सांगितलं. पण 'अकेशिया' हे नाव वाटणीत कोणाच्या वाट्याला जाणार, हे डीएनए सांगू शकत नाही. तो कायद्याचा प्रश्न आहे, आणि नावांवरून होणारी बहुतेक भांडणं इथलीच असतात. वनस्पतींच्या नावांना एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. दर सहा वर्षांच्या सुमारास भरणाऱ्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत तिच्यात दुरुस्त्या होतात, आणि त्या मतदानाने होतात.

संहितेची मूळ रीत आपल्या ओळखीची आहे. भाऊ वेगळे झाले की कुळाचा देव एकाच्या घरी राहतो, आणि जिथे देव तिथे मूळ घराचा मान. प्रत्येक प्रजातीतली एक जाती अशी 'देवाची' मानलेली असते. तिला प्रमाण जाती म्हणतात. प्रजाती फुटली की जुनं नाव या जातीबरोबर जातं. बाकीच्यांनी आपापलं नवं शोधायचं.

अकेशियाची प्रमाण जाती कोणती? आपली बाभूळ. 1754 मध्ये फिलिप मिलरने अकेशिया ही प्रजाती मांडली, तिच्या मुळाशी नाईलकाठची काटेरी बाभूळच होती. रीतीप्रमाणे बाभळीच्या घरच्या 160 च्या आसपास जातींनी अकेशिया नाव ठेवायचं, आणि ऑस्ट्रेलियाच्या साडेनऊशेंनी 'रॅकोस्पर्मा' व्हायचं, असा हिशेब होता.

ऑस्ट्रेलियात हे कोणाला पटेना. सोनेरी वॅटल, म्हणजे अकेशिया पिकनॅन्था, 1988 पासून त्या देशाचं अधिकृत राष्ट्रीय फूल आहे. तिथले रोपवाटिकावाले, वनखातं, शाळा, सगळ्यांच्या तोंडी अकेशिया. 2003 मध्ये तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी, ऑर्चर्ड आणि मॅस्लिन यांनी, प्रस्ताव दिला की अपवाद करा. देव बाभळीच्या घरातून उचलून ऑस्ट्रेलियाच्या घरात, अकेशिया पेनिनर्व्हिस या जातीकडे ठेवा. म्हणजे साडेनऊशे नावं वाचतील आणि बदलावी लागतील ती त्याहून कमी.

अपवादाची तरतूद संहितेत आहे, आणि तिचा एक जुना लाभार्थी आपल्या हारांत असतो. शेवंतीला नियमाने क्रिसॅन्थिमम सोडून 'डेंड्रॅन्थेमा' व्हावं लागलं होतं. फुलांच्या व्यापारात इतकी ओरड झाली की 1990 च्या दशकाच्या अखेरीस प्रमाण जातीच बदलून शेवंतीला तिचं जुनं नाव परत दिलं गेलं. ओरड करणाऱ्यांना उत्तर द्यायला मूळची प्रमाण जाती असलेल्या बिचाऱ्या रानशेवंतीच्या बाजूने कोणी नव्हतं. तिला ग्लेबिओनिस नावाच्या दुसऱ्या घरात जावं लागलं.

अकेशियाच्या बाबतीत मात्र उत्तर द्यायला अख्खा खंड होता. आफ्रिकेच्या लेखी अकेशिया म्हणजे तिथलं रान. त्या काटेरी छत्र्यांवाचून तिथल्या सूर्यास्ताचं चित्र पुरं होत नाही. डिंक देणारा तो अकेशिया सेनेगलही तिथलाच. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत विषय मतदानाला आला तेव्हा तज्ज्ञ समितीने आधीच 9 विरुद्ध 6 मतांनी ऑस्ट्रेलियाचा प्रस्ताव उचलून धरला होता. सभेत 54.9 टक्के मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली. साध्या बहुमताने आफ्रिका जिंकली म्हणायची. पण समितीची शिफारस फेटाळायला 60 टक्के मतं लागत होती. तेवढी झाली नाहीत, आणि कमी मतं मिळालेला प्रस्ताव मंजूर झाला. अशा निकालाने कोणाचं समाधान व्हावं? पुढची सहा वर्षं पत्रिकांतून कडवट वाद चालले. मग 2011 ची परिषद भरली ती नेमकी मेलबर्नला. दोन्हीकडे 'अकेशिया' हा शब्द राहील अशी जोडनावं काढण्याची तडजोड तिथे फेटाळली गेली आणि व्हिएन्नाचा निर्णय पक्का झाला.

मला विचाराल तर ऑस्ट्रेलियाचं अंकगणित बरोबर होतं आणि आफ्रिकेचा राग रास्त होता. नावं मोजली तर कमी उलथापालथ झाली. पण नाव कोणाच्या किती तोंडी आहे, ते मोजायला त्या हिशेबात रकानाच नव्हता. भारतातही बाभूळ, खैर आणि शिकेकाईचं नाव किती पुस्तकांत, किती औषधांच्या वेष्टनांवर बदलावं लागेल, हे कोणी विचारल्याचं आठवत नाही.

देव गेल्यावर बाभळीच्या घराला नाव हवं. नवं काढायची मुभा नव्हती, आधी जुनं शोधायचं. त्या घरातल्या देवबाभळीला 1834 साली वाइट आणि आर्नॉट यांनी दक्षिण भारताच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात एक वेगळं आडनाव देऊन ठेवलं होतं: वॅचेलिया. वॅचेल हा मकाव इथल्या ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या वखारीचा पाद्री, चीनमधल्या वनस्पती गोळा करणारा. मराठवाड्यातल्या बांधावरची बाभूळ आज या पाद्रीबुवाचं नाव लावते ती अशी.

7. माळ्यावरची भांडी

जुन्या नावांची गोष्ट निघाली की कॉन्स्टन्टाइन रफिनेस्कला टाळता येत नाही. 1783 मध्ये इस्तंबूलजवळ जन्मलेला, अमेरिकेत जाऊन राहिलेला आणि 1840 मध्ये फिलाडेल्फियात हलाखीत वारलेला हा माणूस. दिसेल त्याला नवं नाव देण्याचं त्याला वेडच होतं. त्याच्या काळातले शास्त्रज्ञ त्याची नावं वाचून हसत आणि बाजूला टाकत.

पण संहितेत आधी आलेल्याचा हक्क पहिला. त्यामुळे बाजूला टाकलेली नावं माळ्यावर ठेवलेल्या पितळी भांड्यांसारखी झाली आहेत. रोज कोणी काढत नाही, पण घरात वाटणी निघाली की पहिली शिडी तिथेच लागते. खैराचं घर वेगळं झालं तेव्हा त्याच्यासाठी रफिनेस्कचं 1838 चं 'सेनेगालिया' खाली आलं. पानातला कात ज्याच्या गाभ्यातून निघतो तो खैर आता सेनेगालिया कॅटेचू. आपला गुलमोहर डिलॉनिक्स रेजिया झाला तोही रफिनेस्कच्याच 1837 च्या नावाने. त्याआधी तो पॉइन्सियाना रेजिया होता.

आणि 2022 मध्ये तिसरं भांडं निघालं. दुष्काळी भागात माजलेली विलायती बाभूळ आजवर प्रोसॉपिस ज्युलिफ्लोरा होती, म्हणजे आडनावाने आपल्या शमीची बहीण. शमी ही प्रोसॉपिस सिनेरारिया. अभ्यासात दिसलं की अमेरिकेतून आलेली ही मंडळी शमीच्या घरची नव्हेतच. विलायती बाभूळ गेली 'नेल्टुमा'त. नाव पुन्हा रफिनेस्कचंच, तेही 1838 चं. प्रोसॉपिसची प्रमाण जाती शमी होती, त्यामुळे इथे देव आपल्याकडे राहिला. जुन्या जगातल्या तीन जातींची ती छोटी प्रजाती झाली, आणि कोणी तक्रार केली नाही. दसऱ्याला शमीपूजन करणाऱ्यांना याचा पत्ता नाही, पण आफ्रिकेने जे गमावलं ते इथे शमीने राखलं.

8. रोझमेरीचा उलटा प्रवास

वर म्हटलेला दुसरा बिघाड थोडक्यात पाहू. केसांच्या तेलामुळे आता सगळ्यांना माहीत झालेली रोझमेरी पूर्वी रोझमॅरिनस या स्वतंत्र प्रजातीत होती. तपासलं तर ती हजाराच्या आसपास जाती असलेल्या साल्व्हिया घराण्यातलीच एक शाखा निघाली. शहरात जाऊन आडनाव बदललेली, पण रक्ताची. आता दोनच वाटा. एक तर साल्व्हियाचे तुकडे करून शेकडो झाडांची नावं बदलायची, नाही तर रोझमेरी आणि तिच्यासारख्या चार छोट्या प्रजाती, सगळ्या मिळून पंधरा जाती, घरात परत घ्यायच्या. 2017 मध्ये दुसरी वाट सुचवली गेली आणि ती बहुतेकांनी धरली.

एक अडचण आली. रोझमेरीचं स्वतःचं नाव 'ऑफिसिनॅलिस'. साल्व्हियात एक ऑफिसिनॅलिस आधीच बसलेली, स्वयंपाकातली सेज. एका हजेरीपटावर दोन 'जाधव सुनीता' चालतात, पण संहितेत नाही. म्हणून पुन्हा माळ्यावर शोधाशोध, आणि एकोणिसाव्या शतकातलंच साल्व्हिया रोझमॅरिनस हे नाव सापडलं. पूर्वीचं आडनाव आता तिचं नाव झालं आहे.

9. निकाल कोण देतं?

कोणीच नाही, आणि हे लोकांना पटायला सर्वांत जड जातं. संहिता एवढंच सांगते की या आडनावात हे झाड ठेवायचं असेल तर त्याचं बरोबर नाव हे. ते त्या आडनावात ठेवावं की नाही, यावर कोणतीही सभा मत घेत नाही. एक शास्त्रज्ञ आपला अभ्यास छापतो, बाकीचे तो स्वीकारतात किंवा स्वीकारत नाहीत. मग नाव पुस्तकांत मुरतं किंवा विरून जातं.

सह्याद्रीतली कारवी पाहा. बोरिवलीच्या जंगलात 2008, 2016 आणि 2024 मध्ये, आठ-आठ वर्षांनी, डोंगर जांभळे करणारी ही झुडपं. एकोणिसाव्या शतकात तिचं नाव पडलं स्ट्रोबिलँथस कॅलोसा. 1944 मध्ये ब्रेमेकॅम्प या डच शास्त्रज्ञाने स्ट्रोबिलँथसचे ढीगभर तुकडे केले आणि कारवीला स्वतःची प्रजाती दिली, तिच्या मराठी नावावरूनच: कार्व्हिया कॅलोसा. आपल्या भाषेचा शब्द लॅटिन आडनाव झाला, याचा आनंद व्हायला हवा, मला होतोच. पण पुढच्या अभ्यासकांना ते तुकडे अनावश्यक वाटले, आणि आज बहुतेक ग्रंथ पुन्हा स्ट्रोबिलँथसच लिहितात. कार्व्हिया चुकीचं ठरवून रद्द झालेलं नाही. तेही माळ्यावर आहे.

वनस्पतिसंग्रहालयांत याची एक सुंदर रीत आहे. वाळवलेल्या फांदीच्या कागदावर जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत, नवी शेजारी चिकटवतात. बाभळीच्या एखाद्या जुन्या कागदावर अरेबिका, निलोटिका आणि वॅचेलिया अशा तिन्ही चिठ्ठ्या, तीन हस्ताक्षरांत, सापडू शकतात. त्या मुलालाही मी तेच करायला सांगितलं. वॅचेलिया निलोटिका लिही, आणि कंसात 'पूर्वीचं नाव अकेशिया निलोटिका'.

त्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "सर, आमच्याकडे संगमेश्वरला वनखात्याने लावलेली झाडं आहेत, लांब पानांची. खाली काहीच उगवत नाही. सगळे त्याला अकेशिया म्हणतात. त्याचं पण बदललं का?"

ते ऑस्ट्रेलियन बाभळीचं झाड, अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. त्याच डोंगरावरचा खैर आता अकेशिया राहिला नाही, शिकेकाई राहिली नाही, बाभूळही नाही. त्याचं मात्र बदललं नाही.